प्रतिध्वनीचा विलंब

लहानपणी राजूर घाटाच्या वळणावर उभा राहून मी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे. दरीतून ते परत आले की केवढा आनंद होई! त्या आनंदात दरीचे कौतुक फारसे नव्हते. कौतुक होते ते स्वतःच्या आवाजाचे.

बुलढाण्याचा हा डोंगर पाण्याची वाटणी करतो. उत्तरेच्या उतारावरचा पाऊस नळगंगेसारख्या नद्यांतून पूर्णेला व तापीला मिळून अरबी समुद्रात जातो; दक्षिणेकडचा पैनगंगेच्या सोबतीने वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी मजल दरमजल करीत बंगालच्या उपसागराला पोहोचतो. ‘नदी समुद्रास मिळते’ हे वाक्य शाळेत पाठ केले, तेव्हा तिची कथा तिथेच संपली असे मला वाटले. परंतु सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. आज बुडालेल्या उथळ भूमीवरून नद्या त्या काळी आणखी दूरवर वाहत. त्यांनी कोरलेल्या दऱ्या आता पाण्याखाली आहेत. कित्येक तर गाळाखालीही.

त्या शोधण्याची युक्ती घाटातल्या मुलाचीच आहे. तिच्या यंत्राला ‘सोनार’ म्हणतात. सोन्याशी मात्र त्याचा काही संबंध नाही! जहाजाखालून ध्वनी सोडावयाचा आणि तळावर आपटून तो परत येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शात परतला, तर तळ दीडशे मीटरांवर. १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून अरबी समुद्राचा तळ असाच चाचपला गेला. आज ध्वनीचे शेकडो झोत पंख्यासारखे पसरून बुडालेल्या दरीचा नकाशा काढतात. गाळाने भरलेल्या दरीसाठी मात्र खालच्या पट्टीतला स्वर लागतो. तोच गाळात शिरून जुन्या तळाचा ठाव आणतो.

नकाशा काढणाऱ्याचे लक्ष आपल्या आवाजाकडे नसते. त्याला लागलेल्या विलंबाकडे असते. हे वाचले आणि मला वडिलांची आठवण झाली. कोणत्याही प्रश्नाला ते चटकन उत्तर देत नसत. ती स्तब्धता मी नाराजी समजे आणि पुष्कळदा उत्तर येण्यापूर्वीच उठून जाई. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची किती उत्तरे अर्ध्या वाटेवर असताना मी पाठ फिरविली असेल, हे मोजणारे यंत्र कोणत्याही जहाजावर नाही.