ब्रून-मस्का आणि सहाशें पुस्तकें

न्याहारी आणि ग्रंथवाचन हीं दोन कार्यें एका मेजावर करूं नयेत, असा आमच्या घरांत कडक निर्बंध आहे. तो न्याय्य आहे, हें आम्हांसही मान्य करावें लागतें; कारण आमच्या संग्रहांतील कित्येक थोर ग्रंथकारांच्या अंगावर लोण्याचे डाग आहेत. म्हणून सुट्टीच्या दिवशीं सकाळीं आम्ही धोबी तलावावर, मेट्रो सिनेमासमोर, १९०४ सालीं निघालेल्या कयानींच्या हॉटेलांत जाऊन हा गुन्हा निर्धास्तपणें करतों.

इराणांतील यझ्द आणि केरमान या भागांतून जे जरथुष्ट्री लोक मुंबईस आले, त्यांनीं या शहरास चहा पिण्यापेक्षां चहा पीत बसण्याची कला अधिक शिकविली, असें आमचें मत आहे. वांकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकटींच्या कापडावर कांच घातलेलीं मेजें, बरण्यांतून डोकावणारीं बिस्किटें. येथें घाईनें उठावें असें कांहींच नाहीं. ब्रून-मस्का ही तर सावकाशीचीच वस्तु. बनपाव मऊ व आज्ञाधारक. ब्रूनचें तसें नाहीं. त्याचें कवच दांतांशीं हुज्जत घालतें. तो चहांत बुडवून क्षणभर धरावा लागतो. लवकर काढला तर टाळू सोलतो, उशीर झाला तर अर्धा पाव कपाच्या तळाशीं जातो आणि वर लोण्याचे सोनेरी ठिपके तेवढे तरंगत राहतात. हा नेमका क्षण साधण्यास आम्हांस तीस वर्षें लागलीं. विद्यार्थ्यांना शोकांतिकेचें मर्म समजावून देण्यास इतकीं लागलीं नाहींत.

आदल्या सायंकाळीं फ्लोरा फाउंटनकडून पुस्तकें आणून ठेवण्याचा आमचा परिपाठ जुना. २००५ सालीं महापालिकेनें तेथील पदपथांवरचे बहुतेक पुस्तकविक्रेते हटविले. स्ट्रँड बुक स्टॉलही २०१८ सालीं बंद झाला. तरी उरल्यासुरल्या ढिगांतून कांहीं तरी हातीं लागतेंच. परवां दोन पुस्तकें लागलीं: बॉस्वेलनें लिहिलेलें डॉक्टर जॉन्सनचें चरित्र आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. बॉस्वेल आम्हीं तीन वेळां वाचला आहे. ‘स्मृतिचित्रें’ एकदांही नाहीं.

पूर्वीं अशा वेळीं आम्हीं निवड खुशाल पुढें ढकलली असती. परंतु पन्नाशी उलटल्यापासून आम्हांस हिशेबाची वाईट खोड लागली आहे. वर्षास तीस पुस्तकें; डोळ्यांनीं साथ दिली तर आणखी वीस वर्षें; म्हणजे सहाशें. आमच्या कपाटांतील न वाचलेलीं पुस्तकेंच याहून अधिक भरतील! तेव्हां चौथ्यांदा उघडलेला बॉस्वेल दुसऱ्या कोणाची तरी जागा अडवून बसणार, हें उघड आहे.

‘स्मृतिचित्रें’ हें आमच्या आईचें पुस्तक. ज्या बाईस लग्नानंतर नवऱ्यानें अक्षरें शिकविलीं, तिनें असें लिहावें, याचा चार इयत्ता शिकलेल्या आईस केवढा अभिमान! आम्ही एम्.ए. होऊन घरीं आलों तेव्हां तिनें विचारलें, “अरे, तूं एवढी पुस्तकं वाचलीस, लक्ष्मीबाईंचं वाचलंस का रे?” “हो, वाचलं,” असें आम्हीं बेधडक सांगितलें. त्यांतला कोणता भाग आवडला, असें तिनें पुढें विचारलें. “सगळंच चांगलं आहे,” आम्ही म्हणालों. ती कांहीं बोलली नाहीं. तव्यावरची पोळी उलटूं लागली. त्यानंतर बारा वर्षें ती होती, पण त्या पुस्तकाचा विषय तिनें आमच्याजवळ पुन्हां काढला नाहीं. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यावर आम्हांस आतां ठाऊक आहे कीं, न वाचतां दिलेलें उत्तर पहिल्याच ओळींत ओळखूं येतें.

त्या सकाळीं बॉस्वेल पिशवींतच राहिला. ‘स्मृतिचित्रें’ आम्हीं कपास टेकवून उघडलीं. सोंवळ्याच्या वेडापायीं घरांत येणारी वस्तु धुवावयास लावणारे लक्ष्मीबाईंचे वडील भेटले, तों आम्ही एकटेच मोठ्यानें हंसलों. शेजारच्या मेजावरील गृहस्थांनीं वर्तमानपत्र खालीं करून आमच्याकडे पाहिलें. हातांतला ब्रून चहांत गेला तो गेलाच.

“साहेब, दुसरा चाय?” पोऱ्यानें विचारलें.

आम्हीं मान हलविली आणि लोणी लागलेल्या बोटानेंच पान उलटलें.