अनुवाद

मराठी बायबल प्रथम हाती घेतले, तेव्हा उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना ही नावे ओलांडून मी पाचव्या ग्रंथाच्या नावापाशी थबकलो. त्याचे नाव ‘अनुवाद’. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत आणणे एवढाच या शब्दाचा अर्थ आपल्या रोजच्या वहिवाटीत उरला असून, एकदा उच्चारलेले पुन्हा उच्चारणे हा त्याचा मूळचा संस्कृत अर्थ आपण केव्हाच दप्तरदाखल करून टाकला आहे. यार्देन नदीच्या अलीकडे, मवाबाच्या मैदानात, वृद्ध मोशे आपल्या लोकांना देवाचे नियमशास्त्र पुन्हा एकवार समजावून सांगतो, म्हणून तो अनुवाद.

याच ग्रंथाची पाने पुढे एका उपाशी माणसाच्या कामी आली. बाप्तिस्म्यानंतर येशू ज्या अरण्यात गेला, त्याचे नाव काढताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सागापळसांची दाटी उभी राहते. वस्तुतः यरुशलेमच्या पूर्वेस मृतसमुद्राकडे उतरत गेलेला तो चुनखडीचा उजाड, निर्जल टापू आहे, आणि तेथे पायाखाली येतात ते उन्हात भाजून निघालेले फिकट धोंडे. ४० दिवसांच्या उपोषणानंतर अशा धोंड्याकडे पाहणाऱ्याला, याची भाकर करून घे, असे सैतानाने सुचवले, तर त्यात पाप ते कोणते? मोहाची खुबी हीच, की तो सहसा पापाच्या पोशाखात येत नाही. एखाद्या रास्त मागणीचा अर्ज हाती घेऊन तो अदबीने उंबरठ्याशी उभा राहतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील क्रमाने पाहता, दुसऱ्या खेपेस तो मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सुचवतो, आणि तिसऱ्या खेपेस जगातील सारी राज्ये एका दंडवताच्या मोबदल्यात इनाम देऊ करतो.

तिन्ही खेपांना मिळालेला जबाब जुनाच आहे. ज्याच्यापाशी दृष्टांतांची टाकसाळ होती, तो या प्रसंगी स्वतःचे असे एकही नाणे पाडत नाही; अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील तीन वचने उच्चारतो आणि थांबतो. ही वचनेही वाटेल तेथून उचललेली नाहीत. मिसरातून सुटलेले त्याचे पूर्वज ४० वर्षे रानात भटकत असता अन्नासाठी कुरकुरले होते, मस्सा येथे पाण्यावरून त्यांनी देवाचीच परीक्षा पाहिली होती, सोन्याच्या वासरापुढे ते नमले होते. त्याच वाटचालीची उजळणी करताना मोशेने ती वचने उच्चारली होती. पूर्वजांच्या पराभवाची नोंद वंशजाच्या हाती ढाल होऊन आली.

मात्र नुसत्या पाठांतराने भागते असे कोणी म्हणेल, तर सैतानही पाठांतरात कच्चा नाही. शिखरावर उभे राहून त्याने स्तोत्रसंहितेतील ९१ वे स्तोत्र साक्षीला काढलेच की! पण त्याने वचन पुढे केले ते हुंडीसारखे, देवाकडून वसूल करून घेण्यासाठी. येशूने उच्चारले ते स्वतःला बांधून घेण्यासाठी. श्रद्धा आणि शास्त्रार्थ यांतले अंतर मला तरी येथेच दिसते.

हे मर्म ज्यांनी आयुष्यभर घोटले, त्यांत चौथ्या शतकातील इव्हाग्रिअस याची आठवण मला वारंवार येते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मानाने वावरणाऱ्या या विद्वानाचे मन एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर जडले. तेव्हा आपल्या वक्तृत्वावर भरवसा न ठेवता त्याने नगरच सोडले, आणि यरुशलेममार्गे इजिप्तच्या वाळवंटात जाऊन, ३९९ मध्ये देह ठेवीपर्यंत, तो कुटीत राहिला. मनात शिरणाऱ्या दुष्ट विचारांचे त्याने आठ वर्ग पाडले आणि प्रत्येकाला प्रत्युत्तर म्हणून शास्त्रातील वचने निवडून एक ग्रंथच सिद्ध केला. त्या आठांत भर दुपारी येणारा एक विचार आहे: सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, साधू पुनःपुन्हा खिडकीतून डोकावतो, कुणी बंधू भेटीला येत आहे का ते पाहतो, आणि हीच कुटी, हेच व्रत त्याला नकोसे होते.

ही दुपार मला परकी नाही. पुढ्यात कोरा कागद असतो, खिडकीपलीकडे रस्ता पांढरा पडलेला असतो, आणि आज राहू दे, उद्या ताज्या मनाने लिहू, असे म्हणणारा आवाज इतका समंजस असतो, की त्याच्याशी वाद घालू जाता मी दर खेपेस त्याचाच वकील होऊन बसतो. माझी बुद्धी ज्याचे मीठ खाते, त्याच्याच विरुद्ध तिला उभे करणे हा माझा भाबडेपणा! अशा वेळी जे तारते ते त्या क्षणी सुचलेले नसते; भरल्या पोटी, निवांत सकाळी, काही निकड नसताना जिभेवर घोळवलेले आणि म्हणून भुकेच्या वेळी आपोआप ओठांवर येणारे असे ते काहीतरी असते.

शुभवर्तमानकार लूक या मोहप्रसंगाच्या शेवटी लिहितो, की सैतान येशूला सोडून गेला, तो योग्य संधी येईपर्यंत. म्हणजे दावा निकालात निघाला नव्हता. पुढील तारखेपर्यंत तहकूब झाला होता. खुद्द येशूच्या बाबतीत जे घडले, ते तुमच्याआमच्या बाबतीत चुकेल कसे? पुढच्या तारखेला कागदपत्रे जवळ असावीत, एवढेच पाहायचे. इव्हाग्रिअसच्या त्या प्रत्युत्तरांच्या ग्रंथाचे मूळ ग्रीक हस्तलिखित काळाच्या उदरात गडप झाले; आज तो संपूर्ण वाचायला मिळतो तो सिरियाक भाषेत, अनुवाद म्हणूनच.