एकटीपुरती भाजी

"एकटीसाठी कोण करत बसतंय?" हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ते मला एखाद्या म्हणीसारखं वाटायला लागलंय. वय पासष्टच्या पुढे, मुलं परगावी नाहीतर परदेशी, यजमान गेलेले. घरात गॅस आहे, फ्रीज आहे, दारावर भाजीवाला येतो. पैशाची तशी ओढाताण नाही. तरी रात्रीचं जेवण म्हणजे दूध-पोळी, नाहीतर चहा आणि खारी. आणि वर हे वाक्य. ऐकणारीही मान डोलावते, कारण तिच्या घरीही तेच चाललेलं असतं.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचं असंच झालं. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.5. वजन 42 किलो. "दिवसभरात काय खाता?" असं विचारल्यावर बाईंनी खरं ते सांगितलं. ज्या बाईंनी तीस वर्षं मुलांना चक्रवाढ व्याज शिकवलं, त्यांच्या स्वतःच्या खाण्याचा हिशोब दोन ओळींत संपला.

मी भेटायला गेले ती चांगलं भाषण तयार करूनच. मास्तरकी अंगात मुरलेली असते ना! पण बाईंनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "अहो बाई, मला आळस नाही हो. ओट्याशी वीस मिनिटं उभी राहिले की गुडघे बोलायला लागतात. आणि खरं सांगू का? काय करावं तेच सुचत नाही. आधी ह्यांना आवडायचं ते केलं, मग मुलांना आवडायचं ते केलं. मला काय आवडतं हे कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही."

माझं भाषण तिथेच संपलं. कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आपल्या भाजी-पोळीच्या स्वयंपाकात उभं राहणं फार. फोडणी करपू नये म्हणून उभं राहा, भाजी लागू नये म्हणून परता, पोळ्या तर पूर्णच उभ्याने. आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड. पन्नास वर्षं दुसऱ्यांची आवड सांभाळल्यावर आपली आवड कुठे शोधायची?

तर मंडळी, आज ज्या भाजीबद्दल लिहायचंय ती या दोन प्रश्नांमुळे. ही भाजी आपली नाही. माझी भाची फ्रान्सच्या दक्षिणेकडे, प्रोव्हान्स नावाच्या भागात राहते. तिनं ती मला शिकवली. वांगं, टोमॅटो, झुकिनी यांच्या चकत्या भांड्यात रचायच्या, वरून तेल, लसूण, थोडा सुवासिक पाला, हवं तर चीज, आणि भांडं भट्टीत ठेवून द्यायचं. बस्स. "मावशी, यात तुला फक्त चिरायचंय, बाकी सगळं भट्टी करते," असं ती म्हणाली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. या भाजीला तिकडे 'तियां' म्हणतात. तियां हे मुळात मातीच्या पसरट भांड्याचं नाव, भांड्यावरून पदार्थाला तेच नाव पडलं.

तिकडच्या खेड्यांत पूर्वी घरोघरी भट्टी नसायची. गावातल्या पाववाल्याची भट्टी पाव भाजून झाल्यावरही बराच वेळ गरम असायची, मग बायका आपापली भांडी तिथे आणून ठेवायच्या. हे भाचीनं सांगितल्यावर मला आमचं लहानपण आठवलं. साताऱ्याला दिवाळीच्या आधी आम्ही मैदा, रवा, साखर, डालडा पिशवीत घालून बेकरीत जायचो आणि नानकटाई, बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचो. रांगेत उभं राहून तो वास घ्यायचा हाच निम्मा सण! म्हणजे भट्टी आपल्याला अगदीच परकी नाही. फक्त आपण तिच्यात भाजी कधी ठेवली नाही.

आता परकी म्हणावं तर भाजी तरी कुठे परकी आहे? वांगं आपल्याच भागातलं. इथून ते इराणी आणि अरबांच्या हातून युरोपात गेलं. संस्कृतातल्या 'वातिंगण'पासून फारसीतलं 'बादिंगान', अरबीतलं 'अल्-बादिंजान', आणि तिथून स्पेनमार्गे फ्रेंचमधलं 'ओबेर्जिन', अशी त्या शब्दाची वाट कोशांत दिलेली असते. टोमॅटो मात्र अमेरिकेतला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेव्हा त्यांच्या ज्या भाजीला मी फ्रेंच म्हणत होते तिच्यात वांगं आपलं निघालं, आणि माझ्या रोजच्या आमटीतला टोमॅटो दूरदेशीचा. बटाटा हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीज आहे. भाषा शिकवत आयुष्य गेल्यामुळे मला अशा गोष्टींत जरा जास्तच रस. असो.

आता कृती. एका माणसाला दोन वेळा पुरेल एवढं प्रमाण सांगते.

एक लांबट, फार बिया नसलेलं वांगं, साधारण पाव किलोचं. तीन टणक टोमॅटो, पिकून लिबलिबीत झालेले नकोत. एक मध्यम झुकिनी. ही आता आमच्या मंडईतही कधीमधी दिसते, नसली तर कोवळा दुधी घ्या, काही बिघडत नाही. एक कांदा, चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे तेल, मीठ, मिरपूड आणि चीजचे दोन चौकोनी तुकडे. तिकडे थाइम नावाचा पाला घालतात. तो आणायला मी कुठे जाऊ? पण थाइमला ज्या थायमॉलमुळे वास येतो ते आपल्या ओव्यातही असतं. म्हणून मी चिमूटभर ओवा हातावर चोळून घालते. भाचीला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग तिनंही करून बघितलं.

चिरायचं काम खुर्चीवर बसून, टेबलावर. घाई नाही. चकत्या साधारण पाव इंच जाडीच्या, सगळ्या सारख्या, म्हणजे सारख्याच शिजतात. वांग्याच्या आणि झुकिनीच्या चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा. मीठ आतलं पाणी बाहेर ओढून घेतं. ते पाणी फडक्याने टिपून टाका, नाहीतर भाजी भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडते.

काचेच्या किंवा चिनीमातीच्या, भट्टीत चालणाऱ्या भांड्याच्या तळाशी कांद्याचे पातळ काप आणि ठेचलेला लसूण पसरा, त्यावर थोडं तेल. मग चकत्या उभ्या, एकीला एक टेकवून रचायच्या. वांगं, टोमॅटो, झुकिनी, पुन्हा वांगं. कपाटात पुस्तकं लावतो ना, अगदी तशा. वरून उरलेलं तेल, ओवा, मिरपूड. मीठ बेतानं, कारण आधी लावलेलं थोडं राहिलेलं असतं आणि चीजही खारट असतं.

भट्टी आधी दहा मिनिटं 190 अंशांवर तापवून घ्या. भांड्यावर झाकण घालून अर्धा तास ठेवा. अॅल्युमिनियमचा कागद वापरत असाल तर तो टोमॅटोला टेकू देऊ नका, आंबटपणाने तो खराब होतो. अर्ध्या तासानं झाकण काढून आणखी वीस मिनिटं. आता वरचं पाणी आटून कडा तांबूस व्हायला लागतात. पाणी असेपर्यंत भाजीची उष्णता शंभर अंशांच्या वर फारशी जात नाही आणि तांबूसपणा तर त्याच्या बऱ्याच वर येतो, म्हणून हा झाकण काढायचा भाग टाळू नका. शेवटी चीज किसून घाला आणि दहा मिनिटं ठेवा. चीज आधीच घातलं तर भाजी शिजेपर्यंत ते करपून कडक होतं.

चीजबद्दल थोडंसं. आपल्याकडे साधं डब्यातलं किंवा चौकोनी तुकड्यांचं चीज मिळतं ते छान वितळतं, पण तार सुटत नाही. तार हवी तर मोझरेला. काहीजणी विचारतात, पनीर चालेल का? चालेल, पण ते वितळणार नाही. पनीर दूध आंबट घालून फाडलेलं असतं, ते कितीही तापवलं तरी तसंच राहतं. रक्तदाब असेल त्यांनी चीज निम्म्यावर आणावं आणि मीठ वगळावं. टोमॅटो भाजल्यावर त्याला स्वतःचीच इतकी चव येते की फारसं अडत नाही.

विजेची काळजी असते अनेकींना. दीड हजार वॉटची भट्टी तासभर अखंड चालली तर दीड युनिट लागेल. पण हवं तेवढं तापमान झालं की ती आपोआप बंद होते आणि पुन्हा सुरू होते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. आणि एक सूचना आपल्या वयाची म्हणून. भट्टी ओट्याच्या उंचीवर ठेवा, खाली वाकून गरम भांडं काढायची पाळी नको. दोन्ही हातांत जाड मोजे घाला. काचेचं गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकतं. लाकडी पाट किंवा जाड फडकं आधीच मांडून ठेवा.

म्हणजे एकूण काय, हाताचं काम वीस मिनिटं, तेही बसून. पुढचा तासभर आपण मोकळ्या. मी त्या वेळात वाचते. घरभर भाजलेल्या टोमॅटो-लसणीचा वास सुटतो. एकट्या घरात स्वयंपाकाचा वास असणं ही लहान गोष्ट नाही हे मला अलीकडेच कळायला लागलंय. त्या वासाने घरात कुणीतरी राहतंय असं वाटतं. आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच!

गणिताच्या बाईंकडे मी पहिल्यांदा ही भाजी डब्यातून नेली. त्यांनी चव घेतली, "बरी आहे" म्हणाल्या. गणिताच्या बाईंकडून 'बरी' म्हणजे शंभरपैकी ऐंशी. मग पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून त्यांच्याकडेच केली. त्यांच्या मुलीनं पाठवलेली भट्टी तीन वर्षं खोक्यातच होती. "यात लाल भोपळा घातला तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घाला की. भोपळ्याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याच्या चकत्या पातळ केल्या. ती भाजी खाताना बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माहेरी आठवड्यातून एकदा तरी भोपळा असायचा. ह्यांना वास आवडायचा नाही. लग्नानंतर मी घरी भोपळा आणलाच नाही." यजमानांबद्दल तक्रारीचा सूर नव्हता हो त्यात. आपल्याला काय आवडतं याचं उत्तर त्यांना सापडलं होतं, एवढंच. एक तरी.

गैरसमज नको म्हणून सांगते. बाईंचं हिमोग्लोबिन वाढलं ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि पुन्हा सुरू झालेल्या वरण, उसळी, पालेभाज्यांनी. त्याचं श्रेय मला या भाजीला द्यायचं नाही. उलट लोहाची गोळी घेत असाल तर ती चीज असलेल्या जेवणाबरोबर घेऊ नका, त्यातल्या कॅल्शियममुळे लोह अंगी नीट लागत नाही. पण स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकायला काहीतरी निमित्त लागतं, ते या भाजीनं दिलं. आता त्या आठवड्यातून दोनदा भट्टी लावतात. कधी रताळं, कधी फ्लॉवर, कधी नुसते कांदे-टोमॅटो. परवा फोनवर मला भोपळ्याच्या चकत्यांची जाडी मिलीमीटरमध्ये सांगत होत्या. तेव्हा मी ओळखलं, बाई बऱ्या झाल्या.

ही भाजी गरम तर छान लागतेच, पण दुसऱ्या दिवशी आणखी मुरते. ज्वारीच्या भाकरीबरोबर उत्तम, पावाबरोबर चांगली, भातावर घेतली तर वरून थोडं दही. रात्री उरली तर गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

आणि हो, एक शेवटचं. भांड्यातूनच चमच्याने खाऊन टाकायचा मोह होईल. "एकटीसाठी कशाला ताट खरकटं करायचं?" हे त्या पहिल्या वाक्याचं धाकटं भावंडं आहे. त्याचं ऐकू नका. ताट घ्या, डाव्या बाजूला लिंबाची फोड ठेवा, पाणी भरून घ्या, आणि बसून जेवा. इतकी वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला आपण तसंच वाढलंय.

करून बघा, आणि तुम्ही त्यात काय घातलंत ते जरूर सांगा.