खंड्याचा विमानप्रवास

आमच्या गावात विमानात बसलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत आता एका कुत्र्याच्या पिल्लाची भर पडली आहे. गावकरी हसतात. मीही हसतो. पण त्या प्रवासाची तयारी करताना साडेतीन महिने माझ्या जिवाला घोर होता, आणि त्याला कारण होते.

सन १९९४ चा मे महिना. मी कृषी खात्यात नुकताच लागलो होतो. एका धनगर मित्राने हौसेने दिलेले पिल्लू मी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून एस. टी.ने निघालो. खोक्याला वरून चार भोके पाडली आणि ते बाकाखाली सरकवले. भर दुपारची गाडी, खचाखच गर्दी. नगरच्या स्टँडवर खोके उघडले तेव्हा पिल्लू थंड पडले होते. शेतीची पदवी घेतलेला मी. बंदिस्त जागेत उष्णता किती वाढते हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ठाऊक असून उपयोग केला नाही. त्यानंतर तीस वर्षे मी कोणाचे पिल्लू हातात घेतले नाही.

सन २०२४ च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या मळ्यातली चंपी व्याली. चार पिल्ले. जावयांची बदली दिल्लीला होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. नातू सात वर्षांचा. नवी शाळा, नवी भाषा. पोरगे अगदी मुके झाले होते. फोनवर "हो" आणि "नाही" एवढेच बोलायचे. माझी आई ऐंशीची आहे. ती म्हणाली, "पोर एकटं पडलंय. त्याला आपल्या उंबऱ्यातलं काहीतरी धाड."

मी ओळखले ते काय. सुट्टीत हाच पोरगा चंपीच्या पोटाला टेकून झोपायचा.

मुलीला आणि जावयांना विचारले, घरमालकाची परवानगी काढायला लावली. मग प्रश्न आला न्यायचे कसे. पुण्याहून दिल्लीला रेल्वेने दिवस-रात्र मोडते. गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ते पिल्लू एवढा वेळ एकटे ठेवायचे, हे मनाला पटेना. विमान दोन-सव्वादोन तासांचे. खर्च जास्त, पण मी विमान ठरवले.

चौकशी केल्यावर कळले की प्रत्येक विमान कंपनीचा नियम निराळा. काही कंपन्या पाळीव प्राणी घेतच नाहीत. ज्या घेतात, त्या एका विमानात मोजकेच घेतात. म्हणून तिकीट काढण्याआधी विचारून प्राण्याची जागा नक्की करावी लागते. आमच्या कंपनीची अट अशी की पिल्लू आणि पिशवी मिळून वजन सात किलोच्या आत हवे. तरच ते माणसांबरोबर, आपल्या पायाशी. त्याहून जड झाले तर सामानाच्या कप्प्यात, एकटे.

इथे खरी कुचंबणा होती. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, "पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची, तिचा पुढचा डोस तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची लस तीन महिने पुरे झाल्यावर. आणि टोचल्या दिवशीच बळ येत नाही, तीनेक आठवडे जाऊ द्या." म्हणजे लशीसाठी थांबावे तर वजन वाढते, आणि वजनासाठी घाई करावी तर लस राहते. लहान मुलाच्या घरात जाणारे पिल्लू. लशीत काटछाट करायची नाही हे मी पक्के केले. चारांतले सर्वांत लहान चणीचे निवडले. आईने त्याचे नाव खंड्या ठेवले. दर रविवारी भाजीच्या काट्यावर त्याचे वजन करून मी वहीत मांडू लागलो. दहाव्या आठवड्याला तीन किलो, बाराव्याला तीन किलो आठशे. सौ. म्हणाली, "एवढा हिशेब कधी उसाचा ठेवला नाहीत!"

हवा खेळेल अशी तिन्ही बाजूंनी जाळी असलेली मऊ पिशवी आणली. पहिले तीन आठवडे ती नुसती ओसरीवर उघडी ठेवली. खंड्याची भाकरी तिच्यातच. तो आपणहून तिच्यात झोपू लागला, तेव्हा चेन लावून मोटारसायकलवरून बाजारापर्यंत नेऊन आणू लागलो. नवा बैल आपण एकदम गाडीला जुंपत नाही, आधी जू दाखवतो, तसेच हे.

निघायच्या आदल्या आठवड्यात एका स्नेह्याने सुचवले, "झोपेची अर्धी गोळी द्या, दिल्लीपर्यंत हूं की चूं करणार नाही." मला ते सोयीचे वाटले, खोटे कशाला सांगू? सुदैवाने डॉक्टरांना विचारले. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "विमानात हवेचा दाब उंच डोंगरावर असावा तितका कमी असतो. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो, तोल सांभाळता येत नाही. बाहेरून पिल्लू शांत दिसेल, आत काय चाललेय ते तुम्हाला कळणार नाही." शांत दिसणारे पिल्लू मी नगरला पाहिले होते. गोळीचा विषय तिथेच संपला. त्यांनी हेही सांगितले की पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना हा त्रास अधिक, म्हणून पुष्कळ कंपन्या त्यांना नाकारतात. आमचा खंड्या लांब नाकाचा गावठी. ते एक बरे झाले. प्रवासाच्या तोंडावर तपासून डॉक्टरांनी सही-शिक्क्याचा दाखला दिला. लशींचे पुस्तक आणि दाखला मी तिकिटाबरोबर एकाच पाकिटात ठेवला.

फेब्रुवारी २०२५ च्या मध्यावर आम्ही निघालो. पहाटे पाचला त्याला थोडी दूधभाकरी दिली, त्यानंतर फक्त घोटभर पाणी. आईने चंपीच्या अंगाखालच्या वाकळेचा तुकडा कापून पिशवीत घातला. इंदापूर सोडून भिगवणपाशी आलो तेव्हा उजनीच्या पाण्यावर उजाडत होते. कडेच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे. तेही हिवाळ्याचे पाहुणे. त्यांना ना दाखला, ना काटा. यवतच्या अलीकडे उसाच्या बांधाला खंड्याला मोकळे करून आणले. पुढे हडपसरची गर्दी आणि मग लोहगाव.

काट्यावर पिशवी ठेवली. सहा किलो सातशे. माझा रोखलेला श्वास सुटला. तपासणीच्या जागी पिशवी यंत्रातून जाते, पिल्लाला मात्र हातात धरून चौकटीतून न्यावे लागते. म्हणून गळ्यात पट्टा आणि दोरी हवीच. तिथे निसटले तर पंचाईत. तिथल्या जवानाने खंड्याचा कान कुरवाळला आणि विचारले, "गांव का है?" मी म्हटले, "हां, हम दोनों."

विमानाने वेग घेतला तसा खंड्या थरथरू लागला. पिशवी उघडायची नसते. मी जाळीला तळहात लावून ठेवला आणि अडलेल्या गाईपाशी बोलतो तसे हळू बोलत राहिलो. चढताना आणि उतरताना आपले कान दडपतात, तसे त्याचेही. गिळले-चघळले की मोकळे होतात. आत वाळल्या भाकरीचा कुटका टाकला होता, तो त्याने कुरतडला आणि वाकळेत नाक खुपसून झोपी गेला. गोळीशिवाय.

शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारपूस केली. त्यांना मी नातवाच्या पुस्तकातली हकीकत सांगितली. १९६० साली रशियाने अंतराळात पाठवलेली स्ट्रेल्का ही कुत्री सुखरूप परतली. पुढे तिला पिल्ले झाली, आणि त्यांतले पुशिंका नावाचे एक १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या मुलीला भेट म्हणून गेले. तेव्हा मुलांसाठी पिल्लू दूरदेशी नेणारे आम्ही काही पहिले नव्हेत!

दिल्ली जवळ आली तशी खाली गव्हाची हिरवी शेते आणि मोहरीचे पिवळे पट्टे दिसू लागले. उतरल्यावर बाहेर पडून खंड्याने पहिले काम केले ते विमानतळाजवळच्या हिरवळीवर. मग पाणी प्यायला, अंग झाडले. दिल्लीची थंडी आमच्यापेक्षा जास्त, म्हणून त्याला वाकळेतच गुंडाळले.

दारात नातू उभा होता. पिल्लाआधी त्याने वाकळ हातात घेतली, वास घेतला, आणि मान वर करून म्हणाला, "चंपी." मग "यू यू यू" करत खाली बसला.

संध्याकाळी शेजारची मुले जमली. सगळी हिंदीत खंड्याला बोलावत होती, आणि तो नुसता बघत होता. तेव्हा आमचा मुका पोरगा सर्वांना मोठ्याने समजावून सांगू लागला, "उसको हिंदी नहीं आती. उसको मराठी में बोलो." आणि एकेकाला "ये", "बस", "भाकरी खा" शिकवू लागला.

रात्री आईला फोन लावला. तिने विचारले, "पोचला का रे?" मी म्हटले, "पोचला." ती म्हणाली, "खंड्या नव्हे रे, पोर. बोलतंय का?"

मी फोन नातवाच्या हातात दिला. तो अर्धा तास परत मिळाला नाही.