शेजाऱ्याची साक्ष

एखाद्या देशाचे वैभव त्याच्या राजमार्गांवर आणि विद्यापीठांच्या दगडी प्रासादांत सहज दिसते. परंतु त्या देशातील साधा संसारी मनुष्य पैशाच्या अडचणीत कोणाच्या दाराशी जातो, तेथे त्याला ताटकळत उभे राहावे लागते की बसावयास खुर्ची मिळते, आणि परतताना त्याची मान ताठ असते की खाली, हे पाहिल्यावाचून त्या देशाचे अंतरंग कळले असे म्हणता येत नाही. मी अध्ययनासाठी डब्लिनला राहिलो, तेव्हा आयर्लंडचे चलन अजून पौंडच होते. आमच्या वस्तीत क्रेडिट युनियनची एक छोटी कचेरी होती. तेथे शनिवारी सकाळी आणि आठवड्यातील एका सायंकाळी मी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो, आणि त्या देशाच्या अंतरंगाशी माझा खरा परिचय तेथेच झाला.

रचनेने ही संस्था आपल्याकडील पतपेढीसारखीच. सभासदाची शिल्लक हाच त्याचा भाग. भाग थोडे असोत वा पुष्कळ, मत प्रत्येकाला एकच. सभासदत्व एका वस्तीत राहणाऱ्यांना किंवा एका ठिकाणी नोकरी करणाऱ्यांना. आणि संचालक मंडळ सर्वस्वी बिनवेतन. शनिवारी बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका येत, आठवड्याचा पगार खिशात असलेले पुरुष येत, शाळकरी मुले मुठीत नाणी घेऊन येत. पासबुक घ्यावे, रक्कम मोजावी, नोंद करावी, सही करावी, एवढेच माझे काम. दुपारी दार बंद झाले की कीर्द आणि गल्ला यांची रुजुवात होई. खजिनदार हे बसवरचे सेवानिवृत्त कंडक्टर होते. एका पेनीचा जरी फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत ते कोणाला उठू देत नसत. कारण ती पेनी संस्थेला क्षुल्लक असली, तरी ज्या कोणाची ती होती त्याचा विश्वास क्षुल्लक नव्हता.

कर्जाचे अर्ज वाचताना त्या समाजाचे वर्षच डोळ्यांपुढून सरके. ऑगस्टमध्ये मुलांची पुस्तके आणि शाळेचे गणवेश, हिवाळ्याच्या तोंडाशी कोळसा, डिसेंबरात नाताळ, आणि वसंतात, चर्चमधील पहिल्या प्रसादग्रहणाच्या दिवशी, लहान मुलीला घालावयाचा तो शुभ्र पोशाख, जो गरिबातल्या गरीब आईलाही उणा पडू द्यावयाचा नसतो. याच गरजांच्या मागावर सावकारही दारोदार फिरत असत; आणि त्यांतले जे बेकायदा धंदा करीत, ते सरकारकडून मुलांसाठी मिळणाऱ्या भत्त्याचे पुस्तकच आईकडून तारण म्हणून काढून घेत, म्हणजे मुलाच्या दुधाचा पैसा मुलाच्या घरी येण्यापूर्वीच परहस्तगत होई. याच्या उलट, क्रेडिट युनियनला दरमहा शेकडा एकाहून अधिक व्याज घेण्यास कायद्याचीच बंदी होती, आणि तेही उरलेल्या मुद्दलावरच. शंभर पौंड वर्षभरात समान हप्त्यांनी फेडणाऱ्यास व्याज पडे ते सात पौंडांच्याही आत. शिवाय हप्ता भरताना त्याबरोबर काही थोडे शिलकीलाही टाकावे असा आग्रह असे, म्हणून कर्ज फिटले त्या दिवशी सभासदाच्या पदरी चार पैसे उरलेले असत.

सायंकाळी कर्जसमिती बसे. समितीचे सदस्य त्याच वस्तीतले, आणि जे कानी पडेल ते बाहेर न बोलण्याच्या प्रतिज्ञेने बांधलेले. अर्जदाराजवळ शेत नसे, घर भाड्याचे असे, दागिना असलाच तर लग्नातली अंगठी. मग समितीने पाहावयाचे काय? ती पाही ते पासबुक. आठवड्यामागून आठवडा, पाऊस असो की बेकारी असो, पडलेल्या एकेका पौंडाच्या नोंदी हाच अर्जदाराचा दस्तऐवज, आणि त्याला ओळखणारे शेजारी हेच त्याचे जामीन. ज्याच्याजवळ सांगण्यासारखी मालमत्ता नाही, त्याच्याजवळ सांगण्यासारखे शील असू शकते, आणि ते शील बिनचूक वाचता येईल अशा अंकांत लिहून ठेवण्याची सोय करता येते, हे मी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

ही सोय काही आकाशातून पडलेली नव्हती. 1950 च्या दशकात सुमारे चार लक्ष माणसे उपजीविकेसाठी आयर्लंड सोडून गेली. डब्लिनच्या शाळेत शिकविणाऱ्या नोरा हर्लिही या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरची बेकारी जवळून पाहिली, आणि शॉन फोर्ड व शेमस मॅकोइन या सहकाऱ्यांसह तिने उपाय शोधावयास प्रारंभ केला. 1958 मध्ये डब्लिनमधील डोनोर अ‍ॅव्हेन्यू आणि जवळच्या डन लेअरी येथे पहिल्या संस्था उभ्या राहिल्या. दोनच वर्षांनी डेरी शहरात तरुण जॉन ह्यूम आणि त्याचे सहकारी यांनी अशीच संस्था काढली. पुढे 1998 मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या पुरुषाला आपल्या सार्वजनिक कार्यात या चळवळीचा अभिमान सर्वांत अधिक वाटे.

परंतु मला सर्वाधिक विस्मय वाटला तो या विचाराच्या प्रवासाचा. जर्मनीत दुष्काळाने नागवलेल्या शेतकऱ्यांसाठी रायफायझन या खेड्यातल्या नगराध्यक्षाने 1864 मध्ये हेडेसडॉर्फ येथे पतसंस्था स्थापिली. त्यानंतर अकराच वर्षांनी, 1875 च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आमचे शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जरोखे हस्तगत करून ते त्यांनी जाळले. 1889 मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करावयास सांगितले, आणि त्यांनी रायफायझनचाच मार्ग सुचविला. त्यातून पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. 1907 मध्ये बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फिलीन हिंदुस्थानात आले, त्यांनी येथील खेड्यांत या संस्था चालताना पाहिल्या, आणि 1909 मध्ये मॅसॅच्युसेट्सने क्रेडिट युनियनचा कायदा केला त्यामागे त्यांचेही प्रयत्न होते. त्या अमेरिकन चळवळीपासून आयर्लंडने धडा घेतला. म्हणजे परक्या देशात जे नवे म्हणून मी शिकत होतो, त्याच्या प्रवासातील एक मुक्काम माझ्याच देशात पडून गेला होता. आणि केवळ आपलेच असे मानण्याजोगे या विचारात काही नव्हते, तो ज्याने ज्याने राबविला त्याचा त्याचा झाला होता.

एका सकाळी एक वृद्धा दिवंगत पतीचे पासबुक घेऊन आली. छप्पर दुरुस्त करण्यासाठी त्याने काढलेले कर्ज आपण फेडू, मात्र मुदत वाढवून मिळावी, एवढेच तिचे मागणे होते. खजिनदारांनी तिला आत बसविले, खतावणीतील पान उघडले आणि खाते बेबाक झाले असल्याचे दाखविले. ऋणको गेला की त्याचे ऋणही त्याच्याबरोबर जाते, असा या चळवळीचा जुना दंडक आहे. त्यासाठी कर्जाचा विमा संस्थाच आपल्या खर्चाने उतरविते. त्या बाईने ते पान पुनःपुन्हा वाचले, आणि हप्त्यासाठी आणलेल्या नोटा परत न नेता त्या स्वतःच्या खात्यावर शिल्लक म्हणून भरल्या. आजोबांनी बैलासाठी घेतलेल्या पैशाचे व्याज जेथे नातवाने फेडल्याच्या कथा घरोघर ऐकू येतात, त्या मुलुखातून मी आलो होतो. त्या सकाळी मला न्याय या गोष्टीचे एक रूप अगदी जवळून दिसले.

परतल्यावर आपल्याकडील पतपेढ्यांच्या वार्ता मी अधिक लक्षपूर्वक वाचू लागलो. संस्था बुडते तेव्हा आपण संचालकांना दोष देतो, निबंधकांच्या कचेरीला दोष देतो, आणि तो पुष्कळदा यथार्थही असतो. परंतु ती बुडण्यापूर्वी कित्येक वर्षे तिच्या वार्षिक सभेतील खुर्च्या रिकाम्या असतात, इकडे आपले ध्यान जात नाही. डब्लिनच्या त्या कचेरीची खरी ठेव तिजोरीत नव्हती. दिवसभराचे काम उरकून, मोबदल्याची अपेक्षा न धरता, शेजाऱ्याचे नाणे पुन्हा एकदा मोजून पाहणाऱ्या माणसांत ती होती. शिकलेल्या माणसाने आपल्या गावच्या पतपेढीच्या सभेला जावे, अहवालातील आकडे वाचावेत, न कळलेल्या आकड्याविषयी उठून प्रश्न विचारावा, आणि जमेल तर महिन्यातली एक सायंकाळ तिच्या हिशेबांना द्यावी; कारण गरिबाचा पैसा राखण्याचे निम्मे काम कुलपाने होते, उरलेले निम्मे त्याच्या शेजाऱ्यांनाच करावे लागते.