सुई टोचली, पण कागदावर काय लिहिलं?

मानोऱ्यातल्या मंडळींनो, जरा वेळ काढून वाचा.

ओळखीच्या एक मावशी दवाखान्यात साफसफाईला आहेत. कचऱ्याची पिशवी बांधताना वापरलेली सुई बोटात घुसली. केसपेपरवर लिहिलं 'बोटाला जखम'. टीटीचं इंजेक्शन दिलं न् घरी पाठवलं. झालं!

आता आजारांच्या जागतिक यादीत, आयसीडी-१० मध्ये, सुई टोचण्याला वेगळा कोड आहे: डब्ल्यू ४६. एचआयव्हीशी संपर्काची शंका असली तर झेड २०.६. तुम्ही म्हणाल, कोडनं काय होते? होते ना. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, २८ दिवस घ्याव्या लागतात. नुसतं 'जखम' लिहिलं की पुढचा कोणी गोळ्यांचा विचारच करत नाही. ब कावीळ तर सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागते. तिची लस कर्मचाऱ्यांना द्यायची, असं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतच आहे. मावशींना लशीचं कोणी विचारलंही नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच नियमांत सुई टोचणं 'मोठ्या अपघाता'तून वगळलंय, म्हणून २४ तासांत कळवायची सक्ती नाही. पण दवाखान्याच्या वार्षिक अहवालात असे अपघात दाखवावेच लागतात, आणि तो अहवाल वेबसाइटवर टाकायचा असतो. आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यांनी तिथं किती आकडा लिहिलाय? सापडला नाही तर सरकारी दवाखान्याला माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे.