पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची बदके

अमरावती शहर मुंबई-हावडा लोहमार्गापासून किंचित बाजूला आहे. तेथून अकोल्यास जाणारा प्रवासी आधी बडनेऱ्यास येतो आणि मग मूर्तिजापूर मागे टाकीत कापसाच्या काळ्या रानातून पश्चिमेकडे निघतो. मूर्तिजापुराहून कारंज्याकडे फुटणारी शकुंतला रेल्वेची अरुंद वाट आता बंद आहे. १९९० नंतरच्या दशकात, उन्हाळ्याच्या सुटीत या मार्गाने मामाच्या घरी जाणाऱ्या मुलांच्या सामानात एक नवी वस्तू दिसू लागली : व्हिडिओ गेमची पेटी.

वऱ्हाडातला मे महिना दुपारी कोणाला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. दारे-खिडक्या लोटलेल्या, कूलरची घरघर, आणि टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसलेली चार-पाच भावंडे, असे ते दृश्य. 'समुराई', 'लिटल मास्टर' या नावांनी विकली जाणारी ती यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली आणलेल्या यंत्राच्या नकला होत्या. मुलांना हे ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. खेळाच्या डबीला सारे 'कॅसेट' म्हणत. ती चालली नाही की तिच्या फटीत फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. 'लाईन' गेली की मारिओने कमावलेले सारे बुडे आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागे. राजकमल चौकाजवळचा आतेभाऊ आणि अकोल्याच्या टिळक रोडवरचा मामेभाऊ यांचे सख्य अशाच दुपारी जुळले, आणि पुष्कळ ठिकाणी ते आजही टिकून आहे.

जैन घरांत या खेळाला दोन कुंपणे होती. पहिले चौविहाराचे : सूर्य कलला की खेळ अर्धा टाकून जेवायला उठावे लागे. दुसरे कुंपण अधिक अवघड होते. 'डक हंट' या खेळात तारेने जोडलेली प्लास्टिकची बंदूक पडद्यावर रोखून उडती बदके पाडायची असत. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येऊन खदखदा हसे. मुले त्या कुत्र्यावर विलक्षण चिडत. आजीची हरकत मात्र बदकांविषयी असे. "चित्रातले असले म्हणून काय झाले? मारायची इच्छा तर खरीच ना?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यामागे यशोधर राजाची कथा उभी होती. आईच्या आग्रहाखातर, पण जिवंत प्राणी मारायचा नाही म्हणून, यशोधराने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. तेवढ्या संकल्पापायी आई व मुलगा दोघेही अनेक पशुजन्मांत भटकले आणि अखेर कोंबडे होऊन एका राजाच्या शब्दवेधी बाणाने मेले. दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे या विषयावरील अपभ्रंश काव्य 'जसहरचरिउ' १९३१ साली प. ल. वैद्य यांच्या संपादनाने कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत छापले गेले. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. पुढे १९३९ मध्ये, अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला धवला टीकेचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हे शब्द या परगण्याला परके नव्हते.

आता त्या बंदुकीची करामत पाहा. घोडा दाबताच पडदा निमिषभर काळा होई आणि बदकाच्या जागी केवळ एक पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदकाला तो उजेड दिसला, तर नेम बरोबर. म्हणजे बार उडण्याच्या क्षणी पडद्यावर बदक नसेच! उरे तो फक्त खेळणाऱ्याचा भाव. आजीला हे यंत्रशास्त्र कळले असते, तर तिची बाजू बळकटच झाली असती.

तरीही येथे एक भेद आहे. यशोधराने तो कोंबडा बळी म्हणून, देवीने तो खऱ्याच्या जागी स्वीकारावा या बुद्धीने कापला. सतरंजीवरच्या पोराच्या मनात मामेभावाला हरवायचे असे आणि त्या कुत्र्याचे हसू बंद करायचे असे. खेळ स्वतः धर्माला वर्ज्य नाहीत. पर्युषणात चौऱ्याऐंशी घरांच्या ज्ञानबाजीचा पट मांडण्याची रीत जैनांत होतीच. त्यामुळे काही घरांनी मधला मार्ग काढला. 'रोड फायटर'ची मोटार आणि 'टेट्रिस'च्या विटा चालतील, बंदूक नको. (मारिओ कासवे तुडवितो, हे बहुधा कोणी आजीला सांगितले नाही.)

ती मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या मुलांच्या मोबाइलवरील खेळांत रक्त सांडते आणि आता हरकत घेण्याची पाळी त्यांची आहे. एखाद्या दिवाळीत माळा आवरताना जुनी पेटी सापडते, पिवळी पडलेली बंदूकही निघते. हौसेने ती नव्या सपाट टीव्हीला जोडली जाते. पण तिचा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या उजेडाशी जमलेला होता. कितीही घोडा दाबा, नेम लागत नाही. कुत्रा हसतो आणि बदके एकामागून एक सुखरूप उडून जातात.